शून्यलब्धीची भाषा : कलनशास्त्रातील काही संज्ञांच्या व्याख्या

कोणत्याही शास्त्रात प्रवेश करू इच्छिणाऱ्याने प्रथम त्या शास्त्रातील शब्दांशी परिचय करून घ्यावा, हा नियम सर्वांस मान्य आहे. व्याकरण शिकणारा मुलगा कर्ता, कर्म आणि क्रियापद हे शब्द आधी समजून घेतो. भूगोल शिकणाऱ्यास द्वीप आणि द्वीपकल्प यांतील भेद आधी सांगावा लागतो. गणिताच्या बाबतीत मात्र हा नियम पुष्कळदा बाजूला राहतो. विद्यार्थी रीत शिकतो, रीतीप्रमाणे उदाहरण सोडवितो, पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी आपले उत्तर ताडून पाहतो, आणि ते जुळले म्हणजे विषय आपणांस समजला असे मानतो. ज्या शब्दांचा उपयोग त्याने दहा वेळा केला, त्यांपैकी एकाचाही अर्थ त्यास विचारला असता तो निरुत्तर होतो.

हा दोष कोठेही वाईटच. परंतु वरच्या वर्गांत ज्याची ओळख होते त्या कलनशास्त्रात तो विशेष घातक आहे. कारण या शास्त्राचा इतिहासच असा आहे, की त्यातील उत्तरे आधी हाती आली आणि शब्दांचे नेमके अर्थ सुमारे दीडशे वर्षांनी मागाहून ठरले. मधल्या काळात मोठमोठ्या पंडितांसही, 'तुम्ही जे बोलता त्याचा अर्थ काय?' या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते उत्तर काय, आणि ते एका लहानशा शब्दात कसे साठविलेले आहे, हे सांगावे म्हणून या शास्त्रातील मुख्य संज्ञांच्या व्याख्या येथे क्रमाने देण्याचे आम्ही योजिले आहे. शाळा सोडून पुष्कळ वर्षे लोटलेल्या पालकांसही लेख वाचता यावा यासाठी अंकगणित व अगदी थोडे बीजगणित यांपलीकडचे काही गृहीत धरलेले नाही.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. 'कलन' हा शब्द मोजणे या अर्थाच्या संस्कृत 'कल्' धातूपासून आलेला आहे. इंग्रजीत या शास्त्रास 'कॅल्क्युलस' म्हणतात. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मोजण्यासाठी घेतलेला लहान खडा असा आहे. मराठीत या शास्त्राच्या एका शाखेस पूर्वी आणखी एक सुंदर नाव होते. १८३२ साली 'दर्पण' पत्र सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी या विषयावर मराठीत जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'शून्यलब्धी' असे आहे. लब्धी म्हणजे भागाकाराने जे लाभते ते. राशी शून्याकडे जात असता त्यांच्या भागाकारातून जे लाभते, त्याचा विचार करणारे हे गणित होय. या एका नावात शास्त्राचे सारे सामर्थ्य सुचविलेले आहे, आणि त्याची सारी अडचणही.

१. चल आणि अचल

व्याख्या : ज्या राशीचे मूल्य एकाच प्रश्नात बदलू शकते ती चल राशी, आणि ज्या राशीचे मूल्य त्या प्रश्नापुरते कायम राहते ती अचल राशी होय.

विहिरीच्या काठावरून दगड सोडला असता जसजसा वेळ जातो तसतसे त्याने तोडलेले अंतर वाढते. येथे वेळ ही चल राशी, अंतर हीही चल राशी. परंतु दगडाचे वजन ही अचल राशी. एकच राशी एका प्रश्नात चल आणि दुसऱ्यात अचल असू शकते. आठवड्याच्या हिशेबात मुलाची उंची अचल मानली तरी चालते. परंतु दरवर्षी सदरा शिवून घेणाऱ्या पालकांस ती अचल आहे असे कोणी सांगू नये.

२. फलन

व्याख्या : एका चल राशीचे प्रत्येक मूल्य दिले असता दुसऱ्या राशीचे एक आणि एकच मूल्य ज्या नियमाने ठरते, त्या नियमास फलन म्हणतात.

वरच्या उदाहरणात हवेचा अडथळा सोडून दिला, तर दगडाने तोडलेले अंतर मीटरांत सुमारे ४.९ गुणिले सेकंदांचा वर्ग इतके असते. सोईसाठी आपण ४.९ ऐवजी ५ घेऊ. म्हणजे १ सेकंदात ५ मीटर, २ सेकंदांत २० मीटर, ३ सेकंदांत ४५ मीटर. सेकंद सांगा, अंतर ठरले. हे फलन झाले. फलनास सूत्र असलेच पाहिजे असे मात्र नाही. हजेरीपटात प्रत्येक क्रमांकापुढे एकच नाव असते, तोही एक नियमच. 'एक आणि एकच' हे शब्द या व्याख्येचा प्राण होत. एका क्रमांकास दोन नावे लागली, की ते फलन राहिले नाही. उलटपक्षी, दोन निरनिराळ्या मूल्यांस एकच उत्तर मिळाले तर त्यात दोष नाही. २ चा वर्ग ४ आणि उणे २ चाही वर्ग ४.

३. अडचण कोठे आली?

आता एक प्रश्न विचारू. तो दगड बरोबर २ सेकंद झाले त्या क्षणी किती वेगाने पडत होता? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे चौथीचा मुलगाही सांगेल. परंतु एका क्षणात वेळ जातच नाही, आणि म्हणून अंतरही तोडले जात नाही. शून्य भागिले शून्य यास अर्थ काय?

हा प्रश्न फार जुना आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी जो मठ स्थापिला त्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणीच्या गतीचा, विचार केलेला आहे. शून्याने गुणिलेल्या राशीस पुढे शून्याने भागावयाचे असेल, तर मध्येच तिला शून्य म्हणून टाकून देऊ नये, ती तशीच राखून ठेवावी, असेही त्यांनी 'लीलावती'त सांगितले असून ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग आहे असे म्हटले आहे. अडचण त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, हे यावरून दिसते.

पुढे सतराव्या शतकात इंग्लंडात न्यूटन (१६४२–१७२७) आणि जर्मनीत लाइब्निट्स (१६४६–१७१६) यांनी स्वतंत्रपणे या प्रश्नांची सर्वसामान्य रीत शोधून काढली. लाइब्निट्सचा निबंध १६८४ साली प्रसिद्ध झाला. रीत अशी : २ सेकंदांनंतर थोडासा वेळ घ्यावा, त्यास आपण 'ह' म्हणू. तेवढ्या वेळात दगड २०ह + ५ह² मीटर पडतो. त्यास 'ह' ने भागले म्हणजे २० + ५ह राहते. आता 'ह' अगदी क्षुल्लक म्हणून सोडून द्यावा. उत्तर, सेकंदास २० मीटर.

उत्तर खरे आहे. परंतु आयर्लंडातील क्लॉइनचे बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ साली 'द ॲनॅलिस्ट' नावाच्या पुस्तकात या रीतीवर कडक आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 'ह' जर शून्य नसेल तर शेवटी तो सोडून देण्याचा तुम्हांस अधिकार नाही, आणि 'ह' जर शून्य असेल तर प्रारंभी त्याने भागण्याचा तुम्हांस अधिकार नाही. एकाच राशीस आरंभी काहीतरी म्हणावयाचे आणि शेवटी काहीच नाही म्हणावयाचे, हा न्याय कोणता? धर्मातील गूढ गोष्टींस हसणारे गणिती स्वतःच्या शास्त्रातील गूढे मुकाट्याने गिळतात, असा टोलाही त्यांनी लगावला. त्यांच्या हेतूविषयी कोणाचे काही मत असो, आक्षेप बिनतोड होता. उत्तर खरे येते, एवढ्यावरून रीत खरी ठरत नाही. चुकीच्या वाटेनेही माणूस कधी कधी घरी पोहोचतो.

४. सीमा

हा आक्षेप ज्या शब्दाने निवारिला गेला तो शब्द म्हणजे सीमा. या लेखातील पुढील बहुतेक व्याख्या या एका व्याख्येवर उभ्या आहेत. म्हणून वाचकांनी येथे थोडे थांबावे.

व्याख्या : चल राशी एखाद्या स्थानाच्या पुरेशी जवळ, परंतु त्या स्थानी नव्हे, घेतली असता फलनाचे मूल्य आणि एक ठराविक संख्या यांतील अंतर कोणीही सांगितलेल्या कितीही लहान अंतरापेक्षा कमी ठेवता येत असेल, तर त्या ठराविक संख्येस त्या स्थानी फलनाची सीमा म्हणतात.

ही व्याख्या म्हणजे जणू वादी आणि प्रतिवादी यांचा संवाद होय. आपण म्हणतो, २० + ५ह याची, 'ह' शून्याकडे जात असता, सीमा २० आहे. प्रतिपक्षी म्हणतो, 'मला १/१०० पेक्षा अधिक फरक चालणार नाही.' आपण उत्तर देतो, 'ह' १/५०० पेक्षा लहान घ्या. तो म्हणतो, 'मला दशलक्षांश फरकही सहन होत नाही.' आपण म्हणतो, 'ह' पन्नास लक्षांशापेक्षा लहान घ्या. तो जो फरक सांगेल त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा 'ह' लहान घेतला, की त्याचे समाधान झाले. प्रतिपक्षी दमेपर्यंत वाद घालण्याची येथे गरज नाही. त्याच्या प्रत्येक मागणीचे उत्तर आपण एका वाक्यात आधीच देऊन ठेविले आहे.

आता बर्कलींच्या आक्षेपाकडे पाहावे. या साऱ्या व्यवहारात 'ह' एकदाही शून्य झालेला नाही, म्हणून भागाकारास बाध नाही. तो कोठे सोडूनही दिलेला नाही. २० ही 'ह' शून्य केल्याने आलेली संख्या नव्हे. सर्व मूल्ये जिच्याभोवती हवी तितकी गोळा करता येतात अशी ती एकमेव संख्या होय. गूढ होते ते शब्दाचा अर्थ न ठरल्यामुळे.

सीमेविषयी विद्यार्थ्यांत दोन गैरसमज आढळतात. पहिला असा, की सीमा म्हणजे जेथे राशी अखेर पोहोचते ते स्थान. तसे नाही, १/२, १/३, १/४ अशा संख्यांची सीमा शून्य आहे, परंतु त्यांतील एकही संख्या शून्य नाही. दुसरा गैरसमज याच्या उलट, की सीमेपर्यंत राशी कधीच पोहोचू नये. तेही खरे नाही. ०, १/२, ०, १/३, ०, १/४ या क्रमात शून्य वारंवार येते आणि तरीही सीमा शून्यच. पोहोचणे किंवा न पोहोचणे यांपैकी कोणतीच गोष्ट व्याख्येत नाही. व्याख्येत जे नाही ते आपल्या पदरचे घालू नये, हा पहिला धडा.

५. श्रेढी, अभिसारी आणि अपसारी

व्याख्या : क्रमाने येणाऱ्या अमर्याद संख्यांच्या बेरजेस अनंत श्रेढी म्हणतात. पहिली दोन पदे, पहिली तीन पदे, पहिली चार पदे अशा बेरजा करीत गेले असता त्या बेरजांस सीमा असेल तर श्रेढी अभिसारी, नसेल तर अपसारी होय.

एका भाकरीचा अर्धा भाग खाल्ला, मग उरलेल्याचा अर्धा, मग पुन्हा उरलेल्याचा अर्धा, असे करीत गेले असता १/२ + १/४ + १/८ अशी बेरीज होत जाते. ती एका भाकरीहून कधीच अधिक होत नाही, आणि एका भाकरीच्या हवी तितकी जवळ जाते. म्हणून या श्रेढीची बेरीज १. ०.९९९... असे नऊ अमर्याद लिहिले असता ते १ च्या किंचित कमी असावे असे पुष्कळांस वाटते. परंतु हे लेखन म्हणजे ९/१० + ९/१०० + ९/१००० या श्रेढीची सीमा, आणि ती बरोबर १ आहे. 'किंचित कमी' म्हणणाऱ्यास एवढेच विचारावे, 'किती कमी?' तो जी संख्या सांगेल तिच्याहून लहान फरक आपण थोडे अधिक नऊ लिहून दाखवू शकतो.

पदे लहान लहान होत गेली म्हणजे श्रेढी अभिसारी असलीच पाहिजे, ही समजूत मात्र खोटी आहे. १ + १/२ + १/३ + १/४ ही श्रेढी पाहा. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून अधिक होतात. १/५ ते १/८ ही चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक. पुढची आठ पदे मिळून पुन्हा तसेच. अर्ध्यात अर्धा मिळवीत गेले म्हणजे बेरीज कोणत्याही संख्येच्या पुढे जाते. हा सुबोध पुरावा चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने दिला. ही वाढ इतकी मंद असते, की बेरीज १० च्या पुढे जाण्यास १२,३६७ पदे घ्यावी लागतात. केवळ पाटीवर पन्नास पदे मिळवून पाहणारा मनुष्य या श्रेढीस अभिसारी समजून फसेल. व्याख्या हाती असलेला फसणार नाही.

श्रेढीच्या शास्त्रात आपल्या देशाचे स्थान मोठे आहे. १ − १/३ + १/५ − १/७ ही श्रेढी वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराच्या चौथ्या हिश्शाइतकी होते, हा शोध केरळातील माधव (चौदावे शतक) यांच्या नावे सांगितला जातो. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषा' या ग्रंथात त्याची उपपत्ती दिली, आणि ती संस्कृतात नव्हे, तर मलयाळम या लोकभाषेत दिली. गहन गणित मातृभाषेत सांगता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

६. सातत्य

व्याख्या : एखाद्या स्थानी फलनाची सीमा आणि त्या स्थानी फलनाचे प्रत्यक्ष मूल्य ही दोन्ही असून ती सारखी असतील, तर फलन त्या स्थानी सतत आहे असे म्हणतात.

पेन्सिल न उचलता जी रेषा काढता येते ती सतत, असे वर्गात सांगतात. प्रथम ओळखीस हे ठीक. परंतु पेन्सिल ही व्याख्या नव्हे. टपालखर्चाचे उदाहरण घ्या. पाकिटाचे वजन ठराविक हद्दीच्या आत असेपर्यंत एक दर, आणि हद्द रतिभरही ओलांडली की एकदम वरचा दर. हद्दीवर दर उडी मारतो. तेथे सातत्य नाही. मुलाची उंची मात्र अशी उडी मारीत नाही.

याचा एक रम्य परिणाम आहे. जो मुलगा पूर्वी आईपेक्षा ठेंगणा होता आणि आज तिच्याहून उंच आहे, तो मधल्या कोणत्या तरी क्षणी बरोबर तिच्या उंचीचा होता. तो क्षण आईने पाहिला नसेल, मुलाला आठवत नसेल. परंतु तो होता, याविषयी शंका नाही. हे इतके उघड वाटते की यास पुरावा कशाला, असे कोणी म्हणेल. प्राग येथील धर्मोपदेशक व गणिती बोल्झानो यांनी मात्र १८१७ साली यास पुरावा हवा असे म्हटले आणि तो देण्याचा यत्न केला. जे उघड वाटते तेही तपासून पाहणे, यालाच गणिती विश्लेषण म्हणतात.

७. अवकलज

व्याख्या : चल राशीत अल्प बदल केला असता फलनात होणारा बदल भागिले चल राशीतील बदल, या भागाकाराची, चल राशीतील बदल शून्याकडे जात असता येणारी सीमा म्हणजे अवकलज होय. तो काढण्याच्या क्रियेस अवकलन म्हणतात.

दगडाचे उदाहरण आता पुरे करू. २ पासून ३ सेकंदांपर्यंत दगडाचा सरासरी वेग २५ मीटर. २ पासून २.१ पर्यंत २०.५, २.०१ पर्यंत २०.०५, २.००१ पर्यंत २०.००५. सीमा २०, हाच २ सेकंदांच्या क्षणीचा वेग. वक्ररेषेच्या भाषेत सांगावयाचे तर अवकलज म्हणजे त्या बिंदूशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ. जांभेकरांची शून्यलब्धी ती हीच.

ज्यास अवकलज आहे ते फलन सतत असतेच. परंतु जे सतत आहे त्यास अवकलज असेलच असे नाही. कौलारू घराचे छप्पर पाहा. एका बाजूने चढ, दुसऱ्या बाजूने उतार, आणि दोहोंमध्ये आढे. छपरास आढ्यावर कोठे खंड नाही; परंतु आढ्यावर बसलेल्या कावळ्यास 'येथे चढ किती?' असे विचारले तर तो काय सांगणार? दोन बाजूंस दोन उत्तरे येतात, म्हणून तेथे अवकलज नाही.

पुष्कळ काळ गणित्यांस वाटे, की सतत रेषेस अशी आढी क्वचितच असावयाची. १८७२ साली वायरश्ट्रास यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे एक असे फलन मांडले, जे सर्वत्र सतत आहे आणि ज्यास एकाही स्थानी अवकलज नाही; म्हणजे जेथे पाहावे तेथे आढेच! डोळ्यांनी अशी रेषा दिसत नाही, हाताने ती काढता येत नाही. केवळ व्याख्येच्या आधाराने ती आहे हे कळते.

८. महत्तम आणि लघुतम

व्याख्या : आसपासच्या सर्व मूल्यांपेक्षा जे मूल्य कमी नाही ते तेथील महत्तम, आणि जे अधिक नाही ते तेथील लघुतम मूल्य होय.

४० मीटर तारेत जास्तीत जास्त जागा सामावणारे आयताकृती कुंपण कसे घालावे? लांबी 'क्ष' मानली तर रुंदी २० − क्ष, आणि क्षेत्रफळ २०क्ष − क्ष². याचा अवकलज २० − २क्ष. टेकडीच्या माथ्यावर चढ संपलेला असतो आणि उतार लागावयाचा असतो, म्हणून तेथे अवकलज शून्य असतो; यावरून क्ष = १०. कुंपण चौरस असावे, क्षेत्रफळ १०० चौरस मीटर.

अशी उदाहरणे कलनाशिवायही सुटतात. वरील क्षेत्रफळ १०० − (१० − क्ष)² असेही लिहिता येते, आणि वर्ग कधी उणे नसतो, म्हणून ते १०० च्या वर जात नाही. महत्तम आणि लघुतम यांचे प्रश्न बीजगणितानेच सोडविण्याची एक रीत दिल्ली कॉलेजातील अध्यापक रामचंद्र (१८२१–१८८०) यांनी बसविली आणि १८५० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मदुरेस जन्मलेले लंडनचे गणिती डी मॉर्गन यांस ते इतके आवडले, की त्यांनी १८५९ साली ते लंडनमध्ये पुन्हा छापविले. हिंदुस्थानातील एका शिक्षकाचे हे काम आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे.

९. समाकल

व्याख्या : वक्ररेषेखालील क्षेत्राच्या अरुंद पट्ट्या पाडून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज केली असता, सर्व पट्ट्यांची रुंदी शून्याकडे जात असताना त्या बेरजेची जी सीमा येते, ती समाकल होय.

ओढ्याकाठचे वाकडे शेत मोजणारा मोजणीदार हेच करतो. तो शेताच्या पट्ट्या पाडतो आणि प्रत्येक पट्टी आयत मानतो. 'क्ष' च्या वर्गाची रेषा ० पासून १ पर्यंत घेऊन तिच्याखाली १० पट्ट्या पाडल्या, तर रेषेच्या आत राहणाऱ्या आयतांची बेरीज ०.२८५ आणि रेषेबाहेर डोकावणाऱ्यांची ०.३८५ येते. १०० पट्ट्या पाडल्या तर ०.३२८३५ आणि ०.३३८३५. खरे क्षेत्रफळ या दोहोंच्या चिमटीत सापडलेले आहे. चिमटा आवळीत गेले म्हणजे १/३ ही एकच संख्या उरते. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशाच वक्ररेषेचे क्षेत्रफळ चिमटीत धरून काढले होते. समाकलासाठी जे उंच आकड्यासारखे चिन्ह लिहितात, ते 'बेरीज' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे लांबविलेले पहिले अक्षर असून ते लाइब्निट्सने १६७५ साली योजिले.

१०. मूलभूत प्रमेय

अवकलन बदलाचा वेग शोधते, समाकलन तुकड्यांची बेरीज करते. दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे वरवर पाहता वाटत नाही. तथापि या दोन क्रिया, बेरीज आणि वजाबाकी यांप्रमाणे, एकमेकींच्या उलट आहेत. दगडाचा वेग 'क्ष' सेकंदांनंतर १०क्ष मीटर असतो. वेगाची रेषा काढली तर ३ सेकंदांपर्यंत तिच्याखाली एक त्रिकोण होतो; पाया ३, उंची ३०, क्षेत्रफळ ४५. आणि ३ सेकंदांत दगड ४५ मीटर पडतो, हे आपण आरंभीच पाहिले. अंतरावरून वेग काढला, वेगावरून अंतर परत मिळाले. यासच कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय म्हणतात.

समारोप

वर ज्या व्याख्या दिल्या त्यांतील अभिसारी श्रेढी, सातत्य, अवकलज आणि समाकल यांची प्रत्येक व्याख्या 'सीमा' या शब्दावर टेकलेली आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तो शब्द केंद्रस्थानी ठेवून सारे शास्त्र पुन्हा रचण्याचे काम १८२१ साली पॅरिस येथे कोशी यांनी आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात हाती घेतले, आणि वायरश्ट्रास (१८१५–१८९७) यांनी बर्लिन येथील आपल्या व्याख्यानांतून त्यास काटेकोर रूप दिले. हे वायरश्ट्रास विद्यापीठात येण्यापूर्वी कित्येक वर्षे लहान गावांतील शाळांत शिक्षक होते, आणि गणिताबरोबर त्यांस मुलांचे सुलेखन व व्यायाम हेही विषय शिकवावे लागत. जगातील सर्वांत काटेकोर व्याख्या ज्याने घडविल्या तो मनुष्य मुलांची अक्षरे सुधारीत होता, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस फार अर्थपूर्ण वाटते.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच, की व्याख्या पाठ करण्यापूर्वी तिच्याकडे तीन प्रश्न घेऊन जावे. तिच्यात बसणारे एक उदाहरण कोणते? तिच्यात न बसणारे, परंतु बसेलसे वाटणारे, उदाहरण कोणते? आणि तिच्यातील एखादा शब्द गाळला तर काय बिघडते? या तिहींची उत्तरे देता आली म्हणजे व्याख्या आपली झाली. मग ती विसरली तरी पुन्हा रचता येते. पालकांसही एक विनंती आहे. मुलाने गणिताची वही दाखविली असता केवळ 'उत्तर बरोबर आले का?' असे न विचारता, 'या शब्दाचा अर्थ मला सांग पाहू' असेही विचारावे. त्यासाठी पालकांस कलनशास्त्र येण्याची काही जरुरी नाही. समजेपर्यंत पुन्हा विचारीत राहण्याचा धीर असला म्हणजे झाले. बर्कलींच्या हाती तरी याहून अधिक काय होते?